सांधा दिसू नये म्हणून

माझे पप्पा दिवसा सातपूरच्या एका कंपनीत शिफ्ट करायचे आणि लग्नसराईत रात्री ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. गंगापूर रोडच्या लॉन्सवर, रिसेप्शनला. स्टेजवर नवरा-नवरी, समोर हातात प्लेट घेतलेले पाहुणे आणि कोपऱ्यात पप्पा.

नववीत असताना मित्राच्या बहिणीच्या रिसेप्शनला गेलो, तर तिथे पप्पाच. गुलाबजामची वाटी हातात धरून एक काका त्यांना ओरडून फर्माईश सांगत होते. मित्र म्हणाला, "भारी वाजवतोय ना हा! कोण आहे रे?" मी म्हणालो, "काय माहीत." आणि आईस्क्रीमच्या काउंटरकडे सरकलो.

पुढे मी इंजिनिअर झालो, नोकरीला लागलो. पप्पांचे गुडघे दुखायला लागले, कीबोर्ड माळ्यावर गेला. पण लोक जेवत असताना वाजवायचं ही काही कला नव्हे, हे माझं मत खाली उतरलं नाही.

गेल्या १४ ऑगस्टच्या रात्री काम संपवून यूट्यूब उघडलं, तर समोर 'मिले सुर मेरा तुम्हारा' आलं. १९८८ साली, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, दूरदर्शनवर आलेलं. भीमसेन जोशींचा आवाज सगळ्यांना आठवतो. चाल अशोक पाटकींची, हे मराठी माणूस अभिमानानं सांगतो. पण संगीत संयोजन कुणाचं? लुई बँक्स यांचं. मुंबईतला जॅझ पियानोवादक आणि संगीतकार.

मग झोप गेली. मी त्यांच्याबद्दल वाचत आणि त्यांना ऐकत बसलो.

बँक्स १९४१ साली दार्जिलिंगला एका नेपाळी घरात जन्मले. मूळ नाव डंबर बहादूर. वडील ट्रम्पेट वाजवायचे, बँड चालवायचे. त्यांनीच मुलाला शिकवलं आणि लुई आर्मस्ट्राँगवरून लुई हे नावही दिलं. पुढे मुलगा कलकत्त्याला आला. पार्क स्ट्रीटच्या 'ब्लू फॉक्स'मध्ये गायिका पॅम क्रेन आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासोबत वाजवू लागला.

इथे मी थांबलो. ब्लू फॉक्स हे रेस्टॉरंट होतं. म्हणजे तिथेही लोक जेवतच होते.

पुढे राहुल देव बर्मन यांच्यामुळे ते सिनेमाच्या संगीतात आले, मुंबईकर झाले. असंख्य जिंगल्स केल्या. आपण ज्याला 'पोटासाठीचं काम' म्हणतो, ते सगळं केलं आणि जॅझही सोडलं नाही. २००८ मध्ये 'माइल्स फ्रॉम इंडिया' आणि जॉन मॅकलॉफ्लिनचा 'फ्लोटिंग पॉइंट' असे दोन अल्बम आले. दोन्हींत बँक्स वाजवतात आणि दोन्हींना ग्रॅमीच्या एकाच गटात नामांकन मिळालं.

जॅझमध्ये एकजण रंगात आला की पियानोवाला मागे राहून त्याला आधार देतो. फार पुढे यायचं नाही आणि हात सोडायचा नाही. आपल्याकडे हार्मोनियमची साथ असते, काहीसं तसंच.

सकाळी चहा घेताना पप्पांना मोबाईल दिला आणि विचारलं, "पप्पा, लुई बँक्स माहीत आहेत का तुम्हाला?"

"कीबोर्डवाल्याला विचारतोस?" पप्पा हसले. मग डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. डावा हात मांडीवर हलत होता. संपल्यावर म्हणाले, "एवढ्या भाषा, एवढे गळे. कुठे बासरी, कुठे सतार. पण एक संपून दुसरं कधी सुरू झालं, सांधा दिसतो का? नाही ना? सांधा दिसू द्यायचा नाही. तेच त्या माणसाचं काम."

मी धीर करून विचारलं, "लोक जेवत असताना वाजवायचं. त्रास नाही व्हायचा?"

"छे! एखादं गाणं लागलं की माणसं घास हातात धरून थांबायची. प्लेटांचा आवाज कमी व्हायचा. टाळ्या तर काय, निवेदकानं मागितल्या की मिळतात." थोडं थांबून म्हणाले, "त्रास त्याचा नव्हता."

मी कपाकडे बघत राहिलो. "पप्पा, मी नववीत असताना..."

"आईस्क्रीम कुठलं होतं रे त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "आमच्यापर्यंत आलंच नाही."

त्यांना दिसलं होतं तर. चौदा-पंधरा वर्षं त्यांनी हा सांधा मला दिसू दिला नव्हता.

संध्याकाळी स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. कीबोर्डचा अडॅप्टर मेला होता, मेन रोडवरून नवीन आणला. खालच्या तीन पट्ट्या वाजत नाहीत. पप्पा म्हणतात, चालतंय, त्यांना सोडून वाजवता येतं.