हात काढल्यावर

हातात घालायच्या बाहुलीचं एक दुःख असतं. हात आत असेपर्यंत ती डोलते, बोलते, रुसते. हात काढला की तिचं चिंध्यांचं बोचकं होतं. मी बावीस वर्षं या बाहुल्या शिवतेय, पण पहिली दहा-बारा वर्षं हे दुःख माझ्या नजरेला पडलंच नाही. मान नीट वळते का, तोंड पुरेसं उघडतं का, पडद्याआडून चेहरा दिसतो का, याकडेच माझं सगळं लक्ष असायचं. घरातल्या मुलाच्या हातात मात्र बाहुली असते ती दिवसातून फार तर अर्धा तास. उरलेले साडेतेवीस तास ती पलंगाखाली, दाराच्या खुंटीवर किंवा खेळण्यांच्या टोपलीत तळाशी असते. त्या साडेतेवीस तासांचा विचार मी केलाच नव्हता.

तो प्रश्न मनात शिरला पिंगुळीत. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजातले कलाकार पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी सांभाळत आले आहेत. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे भिंतीशी टांगलेल्या बाहुल्या पाहताना जाणवलं, की सूत सैल पडलं तरी या बाहुल्या कोसळत नाहीत. डोकं लाकडाचं, डोळे आखीव, वस्त्रं चोपून बसलेली. खेळ नसतानाही राजा राजाच असतो. शिवाय त्यांना धनी आहे. खेळ संपला की तो त्यांना गुंडाळून पेटीत ठेवतो, पुढच्या खेळाला बाहेर काढतो. मुलाच्या कापडी बाहुलीला ना लाकडाचा कणा, ना असा धनी. खेळ संपल्यावर तिने काय करावं, हे शिवणाऱ्यानेच ठरवून द्यायला हवं.

म्हणून मी एक हत्ती केला. बाहुली नुसती पडून राहू नये, तिचा आणखीही उपयोग व्हावा, ही इच्छा चांगलीच होती. पोटात चेनचा कप्पा, कानाला काजं-गुंडी, पायाला बुटाची नाडी बांधायचा सराव, पाठीवर वेल्क्रोने चिकटणारे आकडे. असे एकूण नऊ उपयोग झाले आणि ते मी चिठ्ठीवर छापूनही घेतले. दुकानदार खूश होता. मग एका बालवाडीत मी तो हत्ती ठेवला आणि कोपऱ्यात बसून पाहिलं. मुलांनी वेल्क्रो उचकटून त्याचा चर्र आवाज काढला, पुन्हा चिकटवला, पुन्हा काढला. पंधरा मिनिटांत नऊच्या नऊ उपयोग उरकले आणि हत्ती बाजूला पडला. त्याच्यात हात मात्र एकाही मुलाने घातला नाही. आत इतक्या शिवणी आणि कप्प्यांचे दाब आले होते, की छोटी बोटं अडकत होती. उपयोग वाढवता वाढवता बाहुलीच नाहीशी झाली होती. त्या दिवशी घरी येऊन मी उरलेले हत्ती उसवले.

उसवताना वडिलांचा रुमाल आठवला. एस.टी.च्या प्रवासात ते खिशातून रुमाल काढायचे, घड्या घालून, गुंडाळून त्याचा उंदीर करायचे आणि तळहातावर ठेवून पाठीवरून हात फिरवायचे. बोटाच्या एका हलक्या धक्क्याने उंदीर टुणकन दंडावर उडी मारायचा. आम्ही हसून दमलो की तेच शेपूट ओढायचे, उंदराचा रुमाल व्हायचा आणि त्याने ते मानेवरचा घाम पुसायचे. त्या रुमालाला जोडलेलं काही नव्हतं. एक घडी घातली की खेळ, तीच घडी मोडली की वस्तू. आपल्या घरांतलं बरंचसं कापड असंच वागत आलं आहे. पदर ऊन अडवतो, नाक पुसतो, टोकाला बांधलेले पैसे सांभाळतो. लुगडी जुनी झाली की त्यांची गोधडी होते, आणि पाऊस लागला की त्याच गोधडीखाली मुलांचं घर होतं.

कापडाबाहेरही हे दिसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून त्यांनी भोवताली मिळणाऱ्या बिया, पानं, शंख-शिंपले यांनाच शिक्षणाची साधनं केलं. मला त्यातली काटकसर जितकी मोठी वाटते, त्याहून त्यांची नजर मोठी वाटते. चिंचोका मोजायला येतो, मांडून रांगोळी करायला येतो, मुठीत लपवून ओळखायला लावता येतो. त्यासाठी चिंचोक्यात काही बदलावं लागत नाही. माझ्या हत्तीत नेमकं हेच नव्हतं.

कासव मिळालं ते अपघाताने. मी तेव्हा साळिंदर करत होते. पाठीला कापूस भरलेला, पुढे मान आणि डोकं. हातबाहुलीच्या अस्तराचं टोक आम्ही डोक्याच्या आत दोन टाक्यांनी पक्कं करतो, नाहीतर घामेजलेल्या हाताबरोबर अस्तर बाहेर येतं. मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवला, हात घालून पाहिला. काढताना मुठीत अस्तर धरलं गेलं आणि त्याला टाचलेलं डोकंही ओढलं गेलं. अख्खी मान मोज्यासारखी आतल्या आत उलटली. टेबलावर फक्त पाठ उरली. नेहमी असं झालं की मी जरा वैतागून ते कापड ओढून सरळ करते. त्या दिवशी हात थांबला, कारण समोरची बाहुली मेलेली दिसत नव्हती. ती आत गेलेली दिसत होती.

देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, आपण त्याला हात लावून पुढे जातो. अवयव आवरून घेतलेलं कासव गीतेत स्थितप्रज्ञाच्या खुणेला आलं आहे. हात काढला की बाकीच्या बाहुल्या कोसळतात. कासव स्वतःला आवरून घेतं. ज्या रिकामेपणाला मी इतकी वर्षं दोष समजत होते, तो या एका प्राण्याचा स्वभावच होता.

मग चार महिने बेतण्यात गेले. चार वर्षांच्या मुलाचा पंजा मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण ११-१२ सेंटिमीटर भरतो, माझा १७. मान मुलाच्या मापाची केली तर रात्री गोष्ट सांगणाऱ्या आईचा हात जात नाही. आईच्या मापाची केली तर मुलाची मूठ आत हरवते. शेवटी मानेचं कापड उरेप कापलं. उरेप कापड ताणलं की देतं आणि सोडलं की अंग धरतं. सपाट ठेवल्यावर ११ सेंटिमीटर रुंदीची ती मान आता दोन्ही हात घेते.

पाठीची उशी व्हावी हे आपसूकच आलं, पण इथे दोन कामं एकमेकांशी भांडली. १२० ग्रॅम कापूस भरला की उशी छान होई, पण लहान मनगट तो भार पेलत नसे आणि कासवाची मान पडलेलीच राही. ६० ग्रॅमवर मनगट मोकळं, पण उशी चपाती. मग ८० ग्रॅमवर थांबले आणि भरणी पुढून काढून मागे सरकवली, म्हणजे भार मनगटावर न येता कोपराकडे टेकतो. उशीला वजनाची जागा बदललेली कळत नाही, हाताला लगेच कळते. तान्ह्या बाळाच्या पाळण्यात असं मऊ, भरलेलं काही ठेवायचं नसतं, म्हणून हे कासव तीन वर्षांपुढच्या मुलांसाठीच आहे हे मी दर वेळी सांगते.

मागे हात घालायची जी जागा, ती उशी करताना बंद कशी करायची, हा प्रश्न बरेच दिवस अडला होता. चेन गालाला टोचते. नाडीवर माझा विश्वास नाही. खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकात दीड वर्षाखालच्या मुलांसाठी दोरीची मोकळी लांबी २२० मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितली आहे, कारण दोरी गळ्याभोवती जाऊ शकते. माझं खेळणं मोठ्या मुलांचं असलं तरी त्याच घरात धाकटं भावंड रांगत असतं.

उत्तर मिळालं मंडणगड तालुक्यात, वेळासजवळच्या एका अंगणवाडीत. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात, गावकरी ती राखतात आणि पिल्लं समुद्राकडे सोडतात. मोठ्या अभिमानाने मी वल्ह्यांसारखे पाय लावलेलं माझं कासव तिथे नेलं. डोकं बाहेर काढलं, आत घेतलं. पहिल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "बाई, आमचं कासव डोकं आत नाय घेत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याचं खरं होतं. समुद्री कासवाला डोकं आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. रोज पाहणाऱ्या मुलांना ते माहीत होतं आणि मी चार महिने शिवूनही ते पाहिलं नव्हतं. "मग कुठलं घेतं?" मी विचारलं. "विहिरीतलं," तो म्हणाला.

विहिरी-तळ्यांतलं हे कासव मी मग नीट पाहिलं. पाठ मऊ कातड्याची, गुळगुळीत; पायांना वल्ही नाहीत, नखं आहेत. आणि पोटाच्या मागच्या बाजूला कातड्याच्या दोन झडपा. मागचे पाय आत घेतले की त्या मिटतात. माझा अडलेला प्रश्न त्या प्राण्याने केव्हाच सोडवून ठेवला होता. मी तशाच दोन झडपा शिवल्या, उशीच्या अभ्र्यासारख्या एकावर एक येणाऱ्या. हात सहज जातो, काढला की तोंड आपलं आपण मिटतं. चेन गेली, नाडी गेली.

डोळ्यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. गुंडी लावायची नाही हे ठरलेलंच होतं. मानकातल्या ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळकांड्यात जी सुटी वस्तू पूर्ण मावते, ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते. गुंडी तर कुठलीही मावते. म्हणून भरीव टाक्याचं बुबुळ आणि वर पांढऱ्या दोऱ्याचा गाठीचा एक टाका. तो एक टाका कुठे पडतो यावर नजर ठरते. मधोमध टाकला तर कासव दचकलेलं दिसतं, खाली टाकला तर झोपाळू. आपल्या संतांनी कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने पोसते असं मानलं. कूर्मदृष्टी हा शब्द तिथून आला. प्रत्यक्षात कासवी अंडी पुरते आणि निघून जाते. दोन्ही मला ठाऊक आहे, तरी टाका घालताना मी संतांचं ऐकते. हात आत असताना कासवाने समोर नाही, हात घालणाऱ्याकडे पाहावं, म्हणून तो पांढरा ठिपका बुबुळाच्या वरच्या, आतल्या कोपऱ्यात असतो.

डोकं आत गेलं की पुढे एक खोलगट जागा होते, वीतभरही नाही. ती मी बेतली नव्हती, मान उलटल्यामुळे ती आपोआप होते. दुकानदार म्हणाला, "रिकामं गिऱ्हाईक घेत नाही, आत काहीतरी द्या." म्हणून काही दिवस मी बोटात घालायची पाच पिल्लं त्यात देत असे. महिन्याभरात पिल्लं हरवत, पण ती जागा रिकामी राहत नसे. मुलं त्यात खडू घालत, बिस्किटं घालत. मग मूठ आत सरकवून डोकं बाहेर ढकलत आणि कासव गिळलेलं सगळं एकेक करून परत देई. हा खेळ मला सुचणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून मी पिल्लं देणं बंद केलं आणि चिठ्ठीवरून उपयोगांची यादीही काढून टाकली. तिथे आता फक्त धुण्याच्या सूचना आहेत.

गेल्या श्रावणात एक कासव दुरुस्तीला आलं. सहा वर्षांपूर्वीचं माझंच. सोबत एका मुलीच्या आईची चिठ्ठी होती: डोकं आत अडकलंय, बाहेर येत नाही, मागची झडपही फाटलीय. मी ते दिव्याखाली घेतलं. झडपेचा कोपरा विरला होता, उशी म्हणून ते रोज वापरात असणार. मग पुढची बाजू वळवली. जिथून डोकं बाहेर यायचं, त्या दुमडीवर काळ्या दोऱ्याचे टाके होते. धावदोरा, चारच टाके, एक लांब, एक आखूड, शेवटी तीन गाठी एकावर एक. मोठ्या माणसाने घातलेले नव्हते. कासव हलवलं तर आतून आवाज आला, चिंचोक्यांसारखा, आणखी काहीतरी कागदी, आणखी काहीतरी जड.

कात्री हातात होती. टाके उसवायला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि आईने तेच करायला सांगितलं होतं. मी आईला फोन करून विचारलं, हे टाके कुणी घातलेत हे मुलीला विचाराल का? पलीकडे थोडं बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, "ती म्हणतेय, मीच शिवलंय. आणि ते उघडायचं नाहीये."

मी झडप बदलली. मशीनखाली घेतलं असतं तर आतलं दाबलं गेलं असतं, म्हणून सगळी शिलाई हाताने केली, टिपेच्या बारीक टाक्याने. तिच्या तीन गाठींतली वरची सुटत आली होती. घरात शोधून तसाच काळा दोरा काढला आणि त्या गाठीवर एक गाठ मारली.