अनुराधपूरच्या तळ्याकाठी

श्रीलंका म्हटले की आपल्याला आठवतो तो अनुराधपूरचा बोधिवृक्ष. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने नेलेल्या फांदीचा हा वृक्ष दोन हजारांहून अधिक वर्षे तिथे जपला गेला आहे. पण तो ज्या मुलखात उभा आहे तो मुलूख कोरडा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मग त्याला पाणी कुठून मिळाले?

हे बेट ६५,६१० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे मोठे. मधोमध उंच डोंगर. पिदुरुतलागला हे त्यातले सर्वांत उंच शिखर २,५२४ मीटरचे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून पाऊस येतो, डोंगराला अडतो आणि कोलंबो, रत्नपुरा चिंब करतो. पलीकडचा उत्तर-पूर्व भाग तेव्हा उन्हात तापत असतो. कोकण बुडते आणि माणदेश आभाळाकडे बघतो, तसेच हे. त्या भागाचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीचा. तेवढ्यावर वर्ष काढायचे.

म्हणून तिथल्या माणसांनी तळी बांधली. सिंहली भाषेत तळ्याला ‘वेवा’ म्हणतात. बोधिवृक्षाजवळच तिस्सा वेवा आहे. पाचव्या शतकात धातुसेन राजाच्या काळात कला वेवा हा मोठा तलाव झाला, आणि तिथून सुमारे ८७ किलोमीटरचा कालवा तिस्सा वेवापर्यंत आणला गेला. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटीमीटर आहे! राजाचे नाव इतिहासात राहिले. ज्यांनी माती उपसली, डोक्यावर वाहिली, त्यांची नावे कुणी लिहिली नाहीत.

मोठ्या तलावांइतकीच मोलाची आहेत खेड्यांची लहान तळी. ती उतारावर एकाखाली एक साखळीने बांधलेली असतात. वरच्या तळ्याचे पाणी भातशेतीला जाते, शेतातून निथळलेले पाणी खालच्या तळ्यात उतरते. वरच्याने पाणी अडवून धरले तर खालचे गाव उपाशी. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने या पद्धतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

डोंगरात मात्र उलटे घडले. इंग्रजी अमलात जंगल तोडून कॉफी लावली गेली. १८६९ पासून तिच्यावर रोग पडला, मग चहा आला. राबायला तमिळ मुलखातून मजूर नेले. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक फार होते. त्यांच्या वाट्याला आल्या उतारावरच्या चाळी. २९ ऑक्टोबर २०१४ रोजी मीरियाबेद्दा येथे डोंगर खचला आणि मळेकामगारांच्या चाळी गाडल्या गेल्या.

वाचकहो, धम्मयात्रेला जाण्याचा योग आला तर बोधिवृक्षाला वंदन करून तिस्सा वेवाच्या बांधावरही थोडे थांबा. सोबतच्या लेकरांना सांगा, हे पाणी आभाळातून सरळ इथे आलेले नाही. ते माणसांनी हातांनी आणले आहे, आणि वाटून घेतले म्हणूनच टिकले आहे.