रेषा की हिमनदी?

अलास्कात खिशाला विमानफेरी एकच परवडणार होती. फेअरबँक्सहून आर्क्टिक वृत्त ओलांडून कोल्डफूटला जायचं, की टल्कीटनाहून डेनाली शिखराजवळून फिरून रूथ हिमनदीवर उतरायचं? बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यांना साडेसहासष्ट अंश ओलांडायचे होते. "अहो, ती रेषा काही दिसत नाही!" - आई. मला अर्थातच हिमनदी. स्की लावलेलं चिमुकलं विमान बर्फावर उतरतं म्हटल्यावर इंजिनियरला मोह आवरतो होय? पण २०,३१० फुटी डेनाली आपलं हवामान आपणच घडवतो. ढग आले की फेरी रद्द. शिवाय बाबा पुन्हा इतक्या लांब येतील असं त्यांच्या गुडघ्यांकडे बघून वाटेना. कोल्डफूटची तीन तिकिटं काढली. बाबांनी अक्षांश टिपायला लगेच वही मागितली.