भंडारदऱ्याचं पाणी आणि आपलं दारं

आवणीच्या दिवसांत भंडारदऱ्याला जाऊन आलो. आमच्या उसाला प्रवरेच्या पाटाचं पाणी, पण ते येतं कुठून हे कधी पाहिलं नव्हतं. रतनगडाच्या डोंगरात उगम, खाली १९२६ साली पूर्ण झालेलं ११ टीएमसीचं धरण, पुढं रंधा धबधबा. सांदण दरी लांबूनच पाहिली. पावसात तिथं उतरू नका, पाणी एकदम येतं.

रतनवाडीच्या वाटेवर एक आजी भात लावत होत्या. म्हटलं, "आजी, तुम्हाला पाण्याची काय कमी!"

"फाल्गुन सरला की हंडा घेऊन हिंडावं लागतं, बाबा. पाऊस ढीग पडतो, पण थांबत न्हाई."

खरंच आहे. खाली कातळ, वर माती थोडी. पडेल ते वाहून खाली येतं. खाली म्हणजे आपल्याकडं.

इकडं मी रात्रीच्या पाळीला पाणी सोडून झोपायचो. सकाळी बघावं तर सरी फुटून पाणी ओढ्याला. यंदाच्या पाळीला झोप लागली नाही, बॅटरी घेऊन दारं धरलं. आता एक एकर ठिबक करायचं ठरवलंय. भारी जमिनीत उसाला कुणी केलं असेल तर दोन सऱ्यांत अंतर किती ठेवलं, सांगा.