तिथी, भरती आणि तंबू : जठारपेठ ते गुहागर (भाग २)

(मागच्या भागात अकोल्याहून निघून समृद्धीमार्गे अलिबाग आणि मुरूड गाठलं होतं.)

फाल्गुन शुद्ध दशमी, दिवेआगर

आगरदांड्याच्या जेटीवर फेरीबोटीची फळी खाली आली आणि आमची गाडी सामानासकट आत शिरली. छतावर दोन तंबू, मागे गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन आणि एक पोतं गोवऱ्या. बोटीवरचा पोरगा पोत्याकडे बोट दाखवून हसला. आई म्हणाली, ‘रोडग्याले लागते बाप्पा, तुमच्याकडं भेटन का नाई काय मालूम!’

राजपुरीची खाडी ओलांडताना उजवीकडे लांबवर जंजिरा दिसतो. सिद्दीचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. त्याच्या उरावर शिवाजी महाराजांनी जवळच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभा केला. मुलांनी दोन्ही किल्ल्यांचे फोटो काढेपर्यंत दिघी आलंसुद्धा. हीच खाडी रस्त्याने वळसा घालून पार करायची तर बराच वेळ जातो.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा आम्हीही तशा गाडीची स्वप्नं पाहिली होती. दिवेआगरात शिरल्यावर ती विरली. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा बोळ. इथे तंबूच बरा. ज्यांच्या वाडीत उतरलो त्या काकांनी जागा बदलायला लावली. ‘माडाखाली नको. रात्री नारळ पडला तर तंबू सोडा, डोकं राहणार नाही.’ मग पोफळींच्या पलीकडे मोकळ्यावर तंबू लागले. वाळूत खुंट्या धरत नाहीत, म्हणून सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून त्या पुरल्या आणि दोर त्यांना बांधले.

संध्याकाळी काकांनी आईला भरतीचा हिशेब सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. दशमीची पाऊणपट साडेसात. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. दिवसाकाठी वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. आईने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, पण तिथी तिला झोपेतही सांगता येते. सव्वासातला ती पुळणीवर जाऊन उभी राहिली. साडेसाताच्या सुमारास पाणी शिंपल्यांच्या ओळीला टेकून थांबलं. ‘म्हनजे कालनिर्णयातच हाय म्हना सारं!’

एकादशी, हरिहरेश्वर

सकाळी श्रीवर्धन. पेशव्यांचे मूळ पुरुष बाळाजी विश्वनाथ भट इथले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात आदळलं. पोफळी आणि माड हजारोंनी आडवे झाले. लावलेली पोफळ धरायला काही वर्षं जातात, म्हणून बागांमध्ये अजून उंच झाडांच्या मधे कमरेएवढी रोपं दिसतात. वऱ्हाडात गारपीट झाली तर संत्र्याचा एखादा बहर जातो; इथे एका दुपारीत पिढीजात बाग गेली.

आईचा उपास, त्यामुळे सगळ्यांनाच भगर आणि दाण्याची आमटी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते. आईचा हिशेब : अकरा तिथीची पाऊणपट सव्वाआठ, ओहोटी सव्वादोनला. दीडला कपारीतल्या पायऱ्या उतरलो. खाली लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खडकाला जाळीसारखी भोकं पाडली आहेत. पाणी फिरायच्या आत वर आलो. या वाटेवर माणसं वाहून गेली आहेत आणि तशा सूचनांचे फलकही आहेत, तरी काहीजण सेल्फीसाठी पार कडेला जाऊन उभे होते.

द्वादशी, वेळास

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची बाणकोट खाडी ओलांडली, की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागतो. तिथून नाना फडणवीसांचं वेळास जवळच. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. मादी वाळूत शंभरेक अंडी घालून निघून जाते. कार्यकर्ते ती कुंपणाच्या आत पुरतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात.

संध्याकाळी टोपली उपडी केली. तळहातात मावतील एवढी काळी पिल्लं वल्ह्यासारखे पाय मारत निघाली. एक उलटं पडलं. धाकटी पुढे सरसावली, तर कार्यकर्त्याने हाताने थांबवलं. पिल्लू आपलं आपण सरळ झालं आणि पहिल्या लाटेने त्याला नेलं.

पुळणीवर तंबू ठोकायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. उजेडाने मादी माघारी फिरते, पिल्लंही वाट चुकतात. गावातल्या अंगणात मात्र घरमालकांच्या परवानगीने गोवऱ्या पेटल्या. आईने जाड्या कणकेचे रोडगे थापले, आरावर भाजले, राख झटकून तुपात बुडवले. जोडीला वांग्याची भाजी. शेजारच्या काकूंनी एक खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि आमच्या ताटात उकडीचे मोदक वाढले.

त्रयोदशी, गुहागर

दाभोळ–धोपावे ही या भागातली शेवटची फेरी. वाशिष्ठीच्या मुखावरून पलीकडे गेलं की अंजनवेलचा वीजप्रकल्प दिसतो. एन्रॉनच्या काळात वर्तमानपत्रांत रोज गाजलेला तो हाच. गावोगावी शिमग्याची तयारी सुरू आहे, चाकरमानी परतू लागलेत.

रात्री ब्रिस्बेनच्या मावसभावाचा फोन आला. तो कुटुंबासह कॅरॅव्हॅनने केर्न्सला जाऊन आलाय, सुमारे १,७०० किलोमीटर. तिकडच्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये प्रत्येक जागेला वीज आणि नळ. पण उत्तरेच्या त्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशमुळे समुद्रात उतरायचं तर जाळीच्या आत, आणि खाडीच्या तोंडाशी मगरींच्या पाट्या. आमच्याकडे वीज नाही, नळ वाडीवाल्यांचा. पण मुलं दिवसभर पाण्यात होती.

अकोल्याहून येणाऱ्यांना सांगणं एवढंच : तंबू आणा, पण वाडी विचारून लावा. कासवांच्या किनाऱ्यावर दिवा नको, आग नको. आणि पाण्याजवळ जायच्या आधी तिथी बघून पाऊणपट करा.

(पुढील भागात : तवसाळ–जयगड फेरी, गणपतीपुळे आणि केशवसुतांचं मालगुंड)