वसई टिकतं, विरार फुटतं

संपादकांची अट सोपी होती : सामान्य वाचकाला कळेल असं लिहा, कोड नको. कोड देत नाही. पण माझं सगळं कामच कोडचं असल्यामुळे थोडं सोसावं लागेल.

मी प्रोग्राम लिहून मराठी अक्षरं हलवतो. भिंतीवर प्रोजेक्टरने पडणारी, आपटणारी, गर्दी करणारी अक्षरं. वसईत कुठेही दाखवली की लोक आधी विचारतात, "एआयनं केलंय का?" आणि मग, "कुठलं ॲप?" अहो, ॲप असतं तर मी सुखाने झोपलो नसतो का! दिवसभर अंधेरीला नोकरीतला कोड, मग विरार लोकल, रात्री पुन्हा कोड. अक्षराने किती वेगाने खाली यावं, शेजारच्यावर आपटलं तर कुठे सरकावं, हे नियम एकेक करून लिहावे लागतात. नियम बिनचूक असला तरी चित्र बहुधा रटाळच निघतं. टाकून द्यायचं, आकडा बदलायचा, पुन्हा चालवायचं. कुंचला धरणाऱ्याला कुणी विचारत नाही, चित्र तुम्ही काढलंत की कुंचल्याने.

हे खूळ नवं नाही. १९६५ साली गेओर्ग नेस यांनी संगणकाकडून काढून घेतलेली रेखाटनं श्टुटगार्टमध्ये प्रदर्शित केली होती. मुंबईत अकबर पदमसी यांनी तर संगणकाविनाच ते केलं : 'सिझिजी' हा त्यांचा १९७० चा मूक चित्रपट नियम ठरवून काढलेल्या सुमारे हजार रेखाटनांतून उभा राहिला. आणि मराठीत र. कृ. जोशी (१९३६–२००८). कवी, सुलेखनकार, उल्का जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक, नंतर पवईच्या आयआयटीत प्राध्यापक. जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत संगणकवाल्यांबरोबर बसून त्यांनी अक्षरांचं काम केलं. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट त्यांचा. मंगलमध्ये अर्ज टाइप करणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की त्यामागे एक कवी होता?

आता माझं दुखणं. आम्ही बरेचजण 'पी-फाइव्ह' हे कोडने चित्रं काढायचं साधन वापरतो. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली कलावंतांसाठी काढलेल्या 'प्रोसेसिंग'वरून ते आलं. त्यात शब्दाचे तुकडे करायची सोपी रीत रोमन लिपी धरून चालते : एक खूण, एक अक्षर. 'वसई' त्यात टिकतं. व, स, ई, तीन खुणा, तीन अक्षरं. 'विरार' फुटतं. संगणकाच्या लेखी त्यात पाच खुणा : व, वेलांटी, र, काना, र. वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, साठवली जाते नंतर. सुटी काढली की तिला टेकायला व्यंजन नाही, म्हणून तिथे ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

बरं, जोडाक्षरांचं काय? 'क्ष' एक की दोन? युनिकोडचा, म्हणजे लिप्या संगणकात साठवायच्या प्रमाणपद्धतीचा, अक्षर मोजायचा नियम तो 'क्' आणि 'ष' असा तोडत असे. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत ते सुधारलं. माझ्या मते तेवढ्याने भागत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' घ्या. पहिल्यात रफार डोक्यावर बसतो, दुसऱ्यात 'र' आडवा होऊन 'य'ला बिलगतो, आणि त्यासाठी साठवणीत वेगळाच, खाली टिंब असलेला 'र' लागतो. अक्षर उडालं तर रफाराने कुणाबरोबर जावं? 'य'बरोबरच. यावर मी कुणाचं ऐकत नाही. शिरोरेखेचंही तसंच. हाताने लिहिणारा ती सलग ओढू शकतो. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं, आणि अक्षर वळलं की रेघ मोडते. मी ते तुकडे छाटतो आणि रेघ वेगळी, सलग काढतो. पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, दिसूही नये. पण "त्यात काय एवढं" ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मध्यंतरी नालासोपाऱ्यात मुलांची कार्यशाळा घेतली. एका मुलीने 'विरार' टाइप केलं, शब्द फुटला, ठिपक्यांची वर्तुळं पडद्यावर तरंगू लागली. मी वेलांटी-काना व्यंजनाला जोडून ठेवणारी कोडची ओळ सांगायला पुढे झालो, तर म्हणाली, "सर, राहू दे ना. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरतात, तसं दिसतंय." ही चूक आहे, लिपीचा अडाणीपणा आहे, असं मी तिला बजावलं. कारणही समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, आणि अक्षरं पुसट करून वर्तुळंच मोठी केली.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. जोडता येत नाही म्हणून तोडणं ही पळवाट, असं मी वर्गात सांगतो, आणि ते मला अजूनही पटतं. पण कारण कळल्यावरही तिने तेच निवडलं. आता तिने 'नालासोपारा' घेतलंय : दहा खुणा, त्यातल्या पाच सुट्या पडणाऱ्या. पाचही वर्तुळं तिला हवी आहेत. मी जोडणीचा कोड तिला पाठवून ठेवला आहे.