सोडून देण्यासाठी धरलेला मासा

आम्ही वेंगुर्ल्याची माणसे. माझा थोरला भाऊ खाडीवर गरवायला निघाला की आई वाटणाला खोबरे किसायला घ्यायची, इतका तिचा त्याच्यावर विश्वास! त्यामुळे माझा नातू प्लॅस्टिकच्या गांडुळाने मासे धरतो आणि परत पाण्यात सोडतो, हे कळल्यावर मी साहजिकच विचारले, "मग धरायचा कशाला रे?" मंडळी, या प्रश्नाचे उत्तर मला अजून पटलेले नाही, हे आधीच सांगून टाकते.

मुलगी अमेरिकेत, ओहायोतल्या ॲक्रनला राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होते. नातू चौदाचा. घरात त्याचे बोलणे म्हणजे "हं" आणि "नको". शहराच्या दक्षिणेला पोर्टेज लेक्स नावाची तळी आहेत, तिथे मात्र तो मला आपणहून घेऊन जाई. सोळा वर्षांखालच्या मुलांना तिथे परवाना लागत नाही. मला लागला असता, म्हणून मी आपली घडीच्या खुर्चीवर.

गंमत म्हणजे हे गांडूळ त्याच गावचे. ॲक्रन एकेकाळी टायरचे शहर. तिथल्या निक क्रीम नावाच्या यंत्रकारागिराने १९४९ मध्ये घरच्या शेगडीवर प्लॅस्टिक शिजवून साच्यात ओतले आणि मऊ गांडूळ तयार केले. स्वयंपाकघरात लागलेला शोध म्हटल्यावर मला तो जवळचा वाटला.

मासा म्हणजे लार्जमाउथ बास. जबडा डोळ्याच्याही मागे जाईल एवढा मोठा. नाव बास असले तरी कूळ सनफिशचे. आता हा मासा वारंवार धरला आणि सोडला गेला की हुशार होतो. चकाकणारी, खडखडणारी आमिषे ओळखू लागतो. आमच्या खाडीतल्या माशाला हे शिक्षण मिळायची सोयच नव्हती, तो पहिल्याच धड्याला कढईत! इथल्या या शहाण्या माशांसाठी मग 'फिनेस'ची रीत. बारीक दोरी, बारीक गळ, वजन नाहीच किंवा अगदी नावाला. पाच इंची गांडूळ, मिठाने जड केलेले, बरोबर मध्यावर गळात ओवायचे. ते पाण्यात हळूहळू उतरते आणि दोन्ही टोके थरथरतात. आपण काहीच करायचे नाही. फक्त दोरीकडे बघायचे. ती जराशी आडवी सरकली की समजायचे.

"काहीच नाही करायचं, आजी, हे सगळ्यात हार्ड आहे," तो म्हणाला. चौतीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या बाईला हे सांगायला नको होते.

पण मऊपणाची दुसरी बाजूही आहे. कडक आमिष मासा चटकन थुंकतो. हे मऊ, खारट गांडूळ तो तोंडात धरून ठेवतो, कधी गिळतोही. जुलैत एकदा तसेच झाले. दोरी सरकली तेव्हा हा मला शाळेतले काहीतरी सांगत होता. मासा वर आला तो कल्ल्यातून रक्त गळत. गळ पार घशात. पोराने हात ओले करून त्याला धरले (कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो), चिमट्याने एकदा पाहिले, मग ओढाताण न करता दोरी तोंडाशी कापली आणि त्याला पाण्यात आडवा धरून ठेवला. बराच वेळ. मग मासा गेला. पोहत गेला की नुसता खाली गेला, ते गढूळ पाण्यात दिसले नाही.

माझ्या मते खाण्यासाठी मारणे हा सरळ व्यवहार आहे. खेळासाठी एखाद्या जिवाच्या तोंडाला भोक पाडायचे आणि वर दया दाखवायची, हे मला जड जाते. हे मी त्याला पूर्वीच सांगितले होते. त्या दिवशी सांगितले नाही. तो मात्र गळाचे काटे चिमट्याने दाबून सपाट करत बसला, डबीतले सगळे. काठावर पडलेले तुटके गांडूळही उचलून खिशात टाकले. ते पाण्यात कुजत नाही आणि मासे गिळतात.

गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "तुझ्या दादाने काय केलं असतं त्याचं?"

"तिरफळं घालून आमटी."

"तिरफळ म्हणजे?"

घर येईपर्यंत मी तेच सांगत होते. झाड कसे काटेरी, वास कसा, आई ती ठेचून आमटीत कशी टाकायची. तो मधूनमधून विचारत होता. मराठीत.